ब्रेकमास्तरांची घोडेस्वारी

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक गाडी चालवणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली. क्लचही तसाच, दोघांना वेगवेगळा. शिकणारा गोंधळला की शेजारच्याने दोन्ही पाय दाबायचे आणि गाडी जागच्या जागी उभी करायची, असा साधा मामला. ज्यांची ही गोष्ट आहे त्या मास्तरांची उमेदीची सगळी वर्षं त्या शेजारच्या सीटवर गेली होती. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी गाडी शिकवली होती. लोक त्यांना तोंडावर मास्तर म्हणत आणि पाठ वळली की ब्रेकमास्तर.

नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकत नव्हतं. समोरून सायकल येत असली, की शिकणाऱ्याला ती दिसायच्या आत मास्तरांचे पाय खाली गेलेले असत. एखाद्या फाटकाआड चेंडू दिसला, तर चेंडूमागून मूल येणार, मुलामागून कुत्रा येणार आणि कुत्र्यामागून त्याचा मालक येणार, असं सगळं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राही आणि गाडीही उभी राही. त्यांच्याकडे शिकलेली एक शिंपीण सगळ्यांना सांगे, "लायसन मिळाल्यावर कितीतरी दिवस मला वाटायचं, गाडी आपली आपणच थांबते."

अपघात मात्र मास्तरांच्या गाडीला कधी झाला नाही. त्याचा त्यांना अभिमान होता आणि तो असायलाही हरकत नव्हती. पण पाय कामावरून सुटले तरी काम पायांतून सुटेना. लिफ्ट खाली येऊ लागली की ते लिफ्टच्या फरशीवर पाय दाबत. दाढी करताना न्हाव्याचा वस्तरा हनुवटीशी आला की खुर्चीच्या पट्टीवर पाय दाबत. सिनेमा बघताना पडद्यावरची गाडी वळणावर आली, की पुढच्या खुर्चीला असा काही रेटा बसे, की पुढचा माणूस वळून बघे. बसने जायची वेळ आली तर ते अगदी मागे बसत, कारण पुढे बसलं की ड्रायव्हर आरशातून म्हणे, "काका, तुम्ही चालवता का?" झोपेतही पाय चालू असल्यामुळे त्यांच्या बायकोने पलंगावर मधोमध एक लोड ठेवला होता. ती म्हणे, "दिवसभर दुसऱ्यांचे जीव वाचवा, आणि घरी येऊन माझी नडगी फोडा."

आणि डोकं तर पायांपेक्षाही थकलेलं होतं. संध्याकाळी मास्तर गॅलरीत खुर्ची टाकून बसत. समोरच्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी आता ठोकणार, मग ठोकणार, असं बघत बसत. ठोकत कोणीच नसे. तरी चहा निवून जाई.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्ये मुलीची गाडी आली.

मास्तरांची एकुलती एक मुलगी, घरातलं नाव चिमी. तिने बापाला न सांगता, गावातल्या दुसऱ्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाऊन लायसन काढलं. शिंप्याच्या मुलीने बाहेरून शिवलेला झगा घालून घरी यावं, तसं मास्तरांना झालं. मग तिने एका ओळखीच्या नर्सची जुनी लाल गाडी घेतली, आणि पहिल्या दिवशी मोठ्या मनाने म्हणाली, "बाबा, बसा. तुम्हाला बाजारातून एक चक्कर मारून आणते."

मास्तर बसले. त्या गाडीत शेजारच्या सीटखाली काहीच नव्हतं, नुसतं पायपुसणं. पहिल्या वळणाला त्यांनी ते दाबलं. दुसऱ्या वळणाला ते गोळा झालं. बाजारातल्या चौकात समोर टेंपो आला, चिमीने तो व्यवस्थित बघितलाही होता, पण मास्तरांचा हात गेला आणि त्यांनी हँडब्रेक ओढला. गाडी चौकाच्या मधोमध गचके खाऊन बंद पडली. मागून हॉर्न सुरू झाले. भाजीवाले हातातलं काम टाकून बघू लागले. त्यातला एक तर ओळखीने म्हणाला, "मास्तर, नवीन विद्यार्थी वाटतं?"

चिमीने हँडब्रेक सोडला आणि गाडी तशीच घरी आणली. दारात गाडी लावून ती म्हणाली, "बाबा, आजपासून तुम्ही माझ्या गाडीत बसायचं नाही. रागावून सांगत नाही. पण नाही."

रागावून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं मास्तरांना वाटलं. राग उतरतो.

त्यानंतर चिमीला दुसऱ्या गावात नोकरी लागली, एका चष्म्यांच्या कारखान्यात. पावसाळ्यानंतर तिकडे राहायला जायचं ठरलं. खोली बघायला ती आईला घेऊन लाल गाडीने गेली, आणि मास्तर मागून बसने गेले. ते पोहोचले तोवर खोली बघून झाली होती आणि घरमालकीण कुलूप लावत होती. मास्तरांनी खिडकीतून आत डोकावून बघितलं. एक भिंत दिसली. परत येताना बसच्या मागच्या सीटवर बसून ते त्या भिंतीचा रंग आठवत राहिले. सामान हलवायच्या दिवशीही आपण असेच मागून बसने जाणार, आणि पुढे जेव्हा जेव्हा ती आईला न्यायला येईल तेव्हा आपण फाटकात उभं राहून हात हलवणार, हे त्यांना स्वच्छ दिसलं. हे मात्र बाकीच्या भीतींसारखं नव्हतं. हे घडणारच होतं.

त्याच सुमाराला स्कूलमध्ये पागेच्या बाई शिकायला आल्या.

गावाबाहेर, वीटभट्टीच्या पलीकडे, या बाईंची घोड्यांची पागा होती. लोकांना त्या घोड्यावर बसायला शिकवत. उंच, काटक, पन्नाशी ओलांडलेल्या, आवाज असा की फोनची गरज नाही. गवताचे भारे आणणारा छोटा ट्रक चालवणारा माणूस सोडून गेला, म्हणून आता स्वतःच शिकायचं त्यांनी ठरवलं होतं.

पहिल्याच दिवशी मास्तरांच्या लक्षात आलं, की हे प्रकरण वेगळं आहे. बाई सीटवर ताठ बसल्या, स्टिअरिंग दोन्ही हातांत हलकं धरलं आणि गाडीला "चल गं" म्हणाल्या. गाडी निघाली. चौक आला तेव्हा त्यांनी पाठ मागे टेकली, स्टिअरिंग आपल्या पोटाकडे ओढलं आणि म्हणाल्या, "हो... हो... बास." गाडी अर्थातच तशीच चालत राहिली. मास्तरांनी दोन्ही पाय दाबले.

"थांबली बघा," बाई म्हणाल्या.

"मी थांबवली," मास्तर म्हणाले. "ब्रेक पायात असतो, बाई. हातात नसतो."

"सवय हो. घोडा पायाने निघतो आणि हाताने थांबतो. हाताने तरी कुठे, नुसतं बूड टेकून बसलं की थांबतो."

बाई तशा हुशार होत्या. थोड्याच दिवसांत स्टिअरिंग ओढायचं त्यांनी सोडलं, गाडीशी बोलायचं मात्र सोडलं नाही. वळण नीट घेतलं की डॅशबोर्डवर थोपटत. पण एक गोष्ट त्यांना खटकत होती, आणि एका सकाळी त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि ती बोलून दाखवली.

"मास्तर, एक विचारू? गाडी मी शिकतेय की तुम्ही?"

"म्हणजे?"

"मी ब्रेक लावायला जाते, तर तो आधीच लागलेला असतो. तुमच्या पायांना विसावाच नाही. आत्ता आपण उभे आहोत, गाडी बंद आहे, तरी तुमचे दोन्ही पाय दाबलेले आहेत. बघा खाली."

मास्तरांनी खाली बघितलं. खरंच होते.

"माझ्याकडे घोडा असा आला ना, सगळ्या अंगाने ताठलेला, तर मी त्याला कामाला लावत नाही," बाई म्हणाल्या. "आधी मोकळा चालवते. तुम्ही या उद्या पागेवर. तुम्ही मला शिकवा, मी तुम्हाला शिकवते. फिटंफाट."

मास्तर नाही म्हणणार होते. या वयात घोडा म्हणजे लोकांना हसायला आयतंच निमित्त. पण बाईंनी वाक्य संपवता संपवता गाडी चालू केली होती आणि समोरून सायकल येत होती, त्यामुळे त्यांचं लक्ष तिकडे गेलं आणि नाही म्हणायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी ते पागेवर गेले. लीद आणि ओल्या गवताचा वास येत होता. बाईंनी एक घोडी बाहेर काढली. बदामी रंगाची, पोट सुटलेली, पापण्या जड, चालताना एकेक पाऊल विचार करून टाकणारी. पागेत तिला सगळे मावशी म्हणत.

"ही आमची मावशी," बाई म्हणाल्या. "घाबरू नका. अर्ध्या गावाला हिने शिकवलंय."

मास्तर म्हणाले, "मग आम्ही एकाच धंद्यातले."

दगडी कट्ट्यावर चढून, तिथून खोगिरावर, असे ते एकदाचे बसले. रिकिबीत पाय अडकवले. खाली बघितलं तर जमीन बरीच लांब गेली होती. बाईंनी लगामाला लांब दोर लावला, त्याचं टोक हातात धरून त्या मैदानाच्या मधोमध उभ्या राहिल्या, आणि मावशी त्यांच्याभोवती गोल चालू लागली. डुलत, सावकाश. मास्तरांना वाटलं, बरं आहे की.

तेवढ्यात कुंपणापाशी कोणीतरी बादली ठेवली. खण्ण आवाज झाला. मास्तरांचे दोन्ही पाय खाली गेले.

मावशीने कान हलवले आणि पावलं भरभर टाकायला सुरुवात केली. वेग वाढला तसे मास्तरांनी पाय आणखी दाबले. मावशी दुडक्या चालीवर आली. मास्तरांचं बूड खोगिरावर आपटू लागलं, तसे त्यांनी अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून क्लच आणि ब्रेक एकदम दाबले. एवढा स्पष्ट हुकूम मावशीला कित्येक वर्षांत कोणी दिला नसावा. तिने मान लांब केली आणि उधळल्यासारखी धावू लागली.

"मास्तर, पाय सोडा," बाई ओरडत होत्या.

"सोडले तर थांबेल कशी?"

"सोडले तरच थांबेल. दाबलं की ती पळते."

"मी थांबवायलाच दाबतोय."

"ते तुम्हाला माहीत. तिला काय माहीत?"

शेवटी बाईंनी दोर आखडत आणला आणि मावशी थांबली. मास्तर तिच्या मानेला मिठी मारून होते. त्यांची टोपी मैदानात पडली होती आणि एक कोंबडी तिची तपासणी करत होती.

बाई जवळ आल्या. हसू आवरायचा त्यांचा प्रयत्न चालला होता, पण तो काही जमत नव्हता. "आजवर मी पुष्कळ लोक बसवले," त्या म्हणाल्या. "कोणी घाबरून लगाम ओढतं, कोणी आयाळ धरतं. भीती वाटली म्हणून घोड्याला टाच मारणारा माणूस पहिल्यांदाच बघितला."

मास्तर खाली उतरले. कोंबडीकडून टोपी सोडवून घेतली. घरी जाताना त्यांना एक गोष्ट जाणवली. त्या सगळ्या गोंधळात त्यांना चेंडू, मूल, कुत्रा, कुत्र्याचा मालक, यातलं काही आठवलं नव्हतं. फक्त मावशी आठवली होती. डोकं कोणीतरी झाडून काढल्यासारखं वाटत होतं.

म्हणून ते पुन्हा गेले. मग पुन्हा गेले.

बाईंनी शिकवायची पद्धत बदलली. रिकिबी काढूनच टाकल्या. म्हणाल्या, "दाबायला काही ठेवतच नाही." मास्तरांचे पाय मावशीच्या पोटाशी नुसते लोंबू लागले. पाय दाबायला गेले, की हवेत जात.

"आणि थांबवायचं कसं?" मास्तरांनी विचारलं.

"श्वास सोडायचा. पूर्ण. पोटातला सगळा. आणि जड होऊन बसायचं, पोत्यासारखं."

मास्तरांना ही थट्टा वाटली. तरी त्यांनी श्वास सोडला. अर्धाच सुटला, उरलेला कुठेतरी बरगड्यांत अडकून बसला होता. मावशी चालत राहिली.

"अजून," बाई म्हणाल्या. "कोंडून कशाला ठेवलाय?"

मास्तरांनी पुन्हा सोडला. यावेळी खांदे खाली आले, पोट सैल पडलं, मांड्या सैल पडल्या, आणि मावशी उभी राहिली. कोणी दोर ओढला नव्हता, कोणी काही बोललं नव्हतं. मावशीनेही एक लांब श्वास सोडला, नाकपुड्या फुरफुरवून. दोघं तसेच उभे राहिले. कुंपणापलीकडे वीटभट्टीवरची माणसं विटा रचत होती. मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. एकही वीट आता पडेल असं त्यांना वाटलं नाही.

हळूहळू त्यांना मावशीचे कान वाचता यायला लागले. डावीकडे काही खुट्ट झालं की तिचा डावा कान आधी वळे. बादली, कोंबडी, लांबून येणारी मोटरसायकल, सगळं तिला मास्तरांच्या आधी कळे. एकदा त्यांनी बाईंना विचारलं, "ही एवढं सगळं बघते?"

"बघणारच. पाय तिचे आहेत. खड्ड्यात गेला तर तिचाच मोडायचा," बाई म्हणाल्या. "तुम्ही एकटेच जागे आहात आणि बाकी सगळे झोपलेत, असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्या दिवशी मास्तर चाल संपेपर्यंत मैदान बघायचं सोडून नुसते तिचे कान बघत बसले. बघायचं काम दोघांत वाटून घेता येतं, ही गोष्ट एवढ्या वर्षांत त्यांच्या लक्षातच आली नव्हती.

घरी बायकोला संशय येऊ लागला होता. "अहो, हल्ली पहाटे उठून जाता कुठे? आणि शर्टाच्या खिशात गवत कसलं?"

"चालायला जातो."

"चालायला जाता आणि घोड्याचा वास घेऊन येता? एवढं लांब चालता की काय, घोड्यांच्या देशापर्यंत?"

मग त्यांनी सांगून टाकलं. बायको आधी पोट धरून हसली, मग म्हणाली, "रात्री पाय थांबलेत, मी पलंगावरचा लोडही काढला, ते याच्यामुळे का? मला वाटलं, तुम्हाला अशक्तपणा आलाय."

स्कूलमध्येही फरक पडला. पागेच्या बाई चौकात आल्या, समोर रिक्षा आडवी आली, बाईंनी स्वतःच ब्रेक लावला, आणि तेव्हा कुठे मास्तरांच्या लक्षात आलं की आपले पाय सीटखाली एकावर एक टाकून ठेवलेले आहेत. बाईंनी डॅशबोर्डवर थोपटलं. मग मास्तरांच्या खांद्यावरही थोपटलं. पहिल्या परीक्षेत मात्र त्या नापास झाल्या. "मागे सर, मागे सर" असं त्या गाडीला म्हणत होत्या, परीक्षा घेणाऱ्या साहेबांना ते आपल्यालाच वाटलं. दुसऱ्या खेपेला तोंड मिटून चालवली आणि पास झाल्या.

पण या सगळ्याने चिमीचा निर्णय बदलणार नव्हता, आणि सामान हलवायचा दिवस जवळ येत चालला होता. मास्तरांनी तिला काही विचारलं नाही. पाय थांबलेत, हे तोंडाने सांगून कोण विश्वास ठेवणार? बायकोने मात्र एकदा जेवताना विषय काढून बघितला. चिमी पानातून वर न बघता म्हणाली, "आई, ते घोड्यावर बसले म्हणजे माझ्या गाडीत बसले असं होत नाही. घोडा मी चालवत नाही."

"अगं, एकदा बघून तरी ये," आई म्हणाली. "त्यांच्या बसण्याकडे बघ, मग बोल."

चिमी कुरकुरत का होईना, सुट्टीच्या दिवशी पागेवर आली. मास्तरांना पत्ताच नव्हता. त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदाच दोर काढला होता, आणि मास्तर मावशीला घेऊन मैदानाबाहेरच्या कच्च्या वाटेवर निघाले होते. वाटेच्या एका बाजूला विटांच्या राशी, त्यांवर निळी ताडपत्री. मास्तर आरामात बसले होते. रिकिबी आता परत आल्या होत्या, पण पाय त्यांत नुसते टेकलेले होते.

चिमी कुंपणाला टेकून उभी राहिली. बाप एवढ्या उंचावर, एवढ्या मोठ्या जनावरावर, हातात काय तर दोन पातळ पट्टे, हे तिला दिसलं. तिने कुंपणाचा खालचा बांबू बुटाने दाबला. तो वाकला.

वाऱ्याची एक झुळूक आली आणि ताडपत्रीचं सुटलेलं टोक फाडकन आपटलं. मावशी दचकून बाजूला उडाली.

"बाबा," चिमी किंचाळली, "हळू, थांबवा तिला, थांबवा." आणि दोन्ही पायांनी ती कुंपणाच्या बांबूवर उभीच राहिली.

मास्तरांना तिचा आवाज ऐकू आला नाही. मावशी उडाली तेव्हा त्यांचे पाय खाली गेले होते, अगदी रिकिबीच्या तळाला लागले होते. जुनं दुखणं ते, एवढ्यात कुठे जाणार? मावशीने हुकूम घेतला आणि पळायला सुरुवात केली. विटांच्या राशी भराभर मागे जाऊ लागल्या. पुढे वाट वळत होती. मास्तरांच्या डोळ्यांपुढे चित्रं उभी राहू लागली, एकामागून एक, सगळी ओळखीची. मग त्यांना समोर दोन कान दिसले. कान पुढे वळलेले होते, वळणाकडे. तिला वळण दिसलं होतं.

मास्तरांनी श्वास सोडला. होता नव्हता तेवढा. पोत्यासारखे जड झाले. पाय लोंबू दिले.

मावशी दुडकीवर आली, मग चालीवर आली, आणि वळण संपता संपता थांबून वाटेकडेचं गवत खाऊ लागली. जणू एवढ्याचसाठी ती इतक्या लांब आली होती.

मास्तर तिला वळवून परत आले तेव्हा चिमी कुंपणावरच होती. चेहरा पांढराफटक. त्यांनी तिला तिथे बघितलं आणि पागेचे सगळे धडे विसरून ते एकदम ताठ झाले. मावशीने एक पाऊल पुढे टाकलं.

"तू कधी आलीस?"

"तुम्हाला ऐकू आलं नाही? मी एवढी ओरडत होते."

"नाही आलं."

"मी थांबवा थांबवा म्हणत होते."

"थांबवलीच होती की मी," मास्तर म्हणाले.

चिमी खाली उतरली. वाकलेल्या बांबूकडे बघितलं. तो मोडला नव्हता, पण पुन्हा सरळ होण्यातला राहिला नव्हता. मागे पागेच्या बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "असू दे गं. तुझ्या बाबांच्या पायाने किती पायपुसणी गेली असतील, एक बांबू तुझा."

चिमी हसली. "बाबा," ती म्हणाली, "तुम्हाला गाडीत असंच होतं? पाय असे आपोआप जातात?"

"होतं."

"रोज?"

"कामाच्या दिवशी. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत."

ती काही वेळ मावशीच्या कपाळावरचे केस नीट करत राहिली. मावशीने ते मान्य केलं. मग चिमी म्हणाली, "चला, घरी सोडते तुम्हाला. गाडी आणलीय."

मास्तर गाडीत बसले. पागेपासून घरापर्यंत त्यांनी पाय कुठेही दाबले नाहीत. श्वास मात्र एवढ्या मोठ्याने सोडत होते, की वीटभट्टीच्या वळणावर चिमी म्हणाली, "बाबा, सायकलची हवा सोडल्यासारखं काय चाललंय?"

"ब्रेक लावतोय."

"नका ना लावू. मला दचकायला होतं."

"बरं," मास्तर म्हणाले, आणि पुढचे श्वास नाकाने सोडले.

सामान हलवायच्या दिवशी चिमीने कोणाला काही विचारलं नाही, सांगितलंही नाही. तिने मागच्या सीटवर गादीची वळकटी, दोन बादल्या आणि पुस्तकांची खोकी भरली, आणि उरलेल्या खोबणीत आईला बसवलं. पुढची शेजारची सीट रिकामी ठेवली. मास्तर फाटकात उभे होते, बसच्या सुट्या पैशांसाठी खिसा चाचपत. चिमीने हॉर्न वाजवला. "बाबा, बसताय ना? रस्ता कोण सांगणार? मागच्या खेपेला आम्ही विचारत विचारत गेलो होतो."

मागून बादलीआडून आवाज आला, "अहो, बसा लवकर. माझा पाय खोक्याखाली आहे."

मास्तर बसले. गाव सुटलं, मोठा रस्ता लागला. चिमीचे डोळे रस्त्यावर होते, आरशात होते, पुन्हा रस्त्यावर होते. पुढे ट्रक होता, तो तिने बघितला होता. डावीकडून ट्रॅक्टर येत होता, तोही बघितला होता. मास्तरांनी जरा वेळ तिच्या बरोबरीने बघितलं. मग ते फक्त आपल्या बाजूचं बघू लागले. मग ऊन काचेतून मांडीवर आलं, गाडी एका लयीत चालली होती, आणि बघायचं सगळं काम तिच्यावरच पडलं.

त्यांना जाग आली ती गाडी थांबल्यामुळे. बाहेर ऊस होता. दोन्ही बाजूंना ऊस आणि मधे एक अरुंद रस्ता, ज्याच्या टोकाला एक बैल आडवा बसला होता.

"कुठे आलो?" मास्तरांनी विचारलं.

"माहीत नाही," चिमी म्हणाली. "तुम्ही रस्ता सांगणार होतात."

"मी झोपलो होतो?"

"घोरत होता," मागून बायको म्हणाली. "मी म्हटलं उठवू का, तर ही म्हणे, नको. झोपू दे. मग घ्यायचं ते वळण मागे गेलं, त्याच्या पुढचंही गेलं, तरी नको."

चिमी समोर बघत होती. गाल फुगलेले होते, पण ते रागाने फुगले होते असं काही दिसत नव्हतं. "मी एवढी छान चालवली," ती म्हणाली. "आणि तुम्ही बघितलीच नाही."

मास्तरांनी मागे हात घालून खोक्यावरचा बिस्किटांचा पुडा घेतला आणि तिच्यापुढे धरला. तिने एक उचललं आणि गाडी मागे घ्यायला आरशात बघितलं. रस्ता अरुंद होता, मागे ओढ्याची मोरी होती, आणि डाव्या चाकाला हातभरही जागा नव्हती.

"सावकाश घे," मास्तर म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "म्हणजे, तुला हवी तशी घे."

"बाबा."

"झोपलो, झोपलो," मास्तर म्हणाले, आणि बिस्किट तोंडात टाकून त्यांनी डोळे मिटून घेतले.